खेळात नसलेला शब्द

अहेरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकता शिकता रुखसारने एक खेळ लिहून इंटरनेटवर चालवायला ठेवला होता. त्यात चित्रं नव्हती. शब्द टाइप केला की एटापल्लीच्या जंगलातून पुढे जाता येई. दूरदूरची पोरं तो खेळत.

"पुस्तकातले प्रोग्राम सोडून हे काऊन करून राह्यली? बंद कर," अश्वजित सर म्हणाले.

"सर, पुस्तक माही चूक दाखवत नाई, खेळणारे दाखवतात. ह्या मैनीलेच खेळू द्या. तिनं चूक काढली अन् मी इथीच दुरुस्त केली, तर चालू ठेवू द्याल?"

"बरं, पाहू."

मैनी एटापल्लीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातून नुकतीच होस्टेलला आली होती. ती एकेक शब्द टाइप करत पुढे गेली. स्क्रीनवर आलं, 'एक वस्ती लागली. समोर रानटी माणसं उभी आहेत. काय कराल?'

तिने काहीतरी टाइप केलं. उत्तर आलं, 'हा शब्द चालत नाही.'

"मारा, लुटा नाई तर पळा, एवढंच चालते तिथी," रुखसार घाईने म्हणाली. "तू काय टाकलं?"

"जोहार," मैनी म्हणाली. "आमच्या गावात शिरताना पहिले तेच म्हणतात."

रुखसारने मान खाली घालून खेळ बंद करायला हात पुढे केला.



"राहू दे चालू," सरच म्हणाले. "चूक निघाली ना? इथीच दुरुस्त कर."