टोल्युईनचा शेवटचा दिवस

"काका, आधी तो स्टोव्ह विझवा," युसिमी दारातूनच म्हणाली. "शेजारी दोनशे लिटर टोल्युईन आहे. निदान आज तरी आपल्याला उडवून देऊ नका."

एवेलियोने कॉफीचं भांडं सावकाश उतरवलं. "इतकी वर्षं इथंच कॉफी करतोय, पोरी. अजून कुणी उडालेलं नाही."

जिन्याच्या कठड्याला त्याने सकाळीच ताजा रंग दिला होता. या माणसाला रंगकामाचा भारी नाद. औषधं बनवायच्या रिॲक्टरच्या हॉलमध्ये कायम थिनरचा उग्र वास दरवळायचा, त्यात टोल्युईनचा किती आणि रंगाचा किती, देव जाणे.

हवानाहून आलेल्या या केमिस्ट पोरीला आज वाद घालायला वेळ नव्हता. आज शर्यत होती. एक नंबरच्या रिॲक्टरमध्ये एवेलियो फिटवरच्या गोळ्यांची पूड नेहमीसारखी टोल्युईन या द्रावकात करणार, आणि दोन नंबरमध्ये युसिमी तीच पूड साध्या पाण्यात करून दाखवणार. मंत्रालयाने बजावलं होतं, विषारी टोल्युईन सोडा, नाहीतर वर्षअखेर कारखान्याला कुलूप. पाण्यातली पूड तेवढीच भरली, तर एकशे चाळीस माणसांची नोकरी वाचणार होती.

मंत्रालयाचे इन्स्पेक्टर रेगेइरा मांडीवर फाईल घेऊन बसले होते. "तुमच्याइतकी काटकसर बेटावर कुणी करत नाही," ते एवेलियोला म्हणाले. "तेच टोल्युईन गाळून पुन्हा वापरता. नव्याची मागणी म्हणून नाही."

"सवय झालीय, साहेब."

"पण लक्षात ठेवा, मंजूर कृतीबाहेर माझ्या सहीशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. गेल्या वर्षी एका पठ्ठ्याला चार वर्षांसाठी आत पाठवलंय."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," एवेलियो म्हणाला.

दोन्ही रिॲक्टर सुरू झाले. बेसबॉलच्या फायनलला जमावी तशी गर्दी जमली.

"बाई, पाण्यात भात शिजतो, औषध नाही," मागून कुणीतरी टोमणा मारला.

"तुझ्या घरी तोही धड शिजत नाही," पॅकिंगमधली दारीलिस म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

युसिमी मात्र रिॲक्टरच्या काचेला डोळा लावून होती. सहा महिने तिच्या हाती नुसता चिखल लागला होता. मग एक दिवस जाता जाता एवेलियो करवादला, "एवढ्या जोरात काय फिरवतेस? डोकं उठलं माझं. आणि गार करायची कसली घाई?" म्हाताऱ्याची समजूत काढायला तिने ढवळणी हळू केली, रिॲक्टर आपोआप निवू दिला, आणि पांढरेशुभ्र स्फटिक खाली बसले. हा किस्सा तिने हवानात सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

दुपारी वाळलेली पूड काट्यावर चढली. एवेलियोची एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

मग तिची. काटा हलला, थांबला, पुन्हा हलला. युसिमीने श्वास रोखून धरला.

"एक्केचाळीस, दोनशे," रेगेइरांनी वाचलं.

हॉल दणाणून गेला. दारीलिसने युसिमीला उचलूनच घेतलं. कुणी टाळ्या पिटत होतं, कुणी पिंपांवर ताल धरला होता. युसिमी हसता हसता रडायला लागली. इतका आनंद तिला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. रेगेइरांनी सही केली, शिक्का मारला आणि नवी कृती भिंतीवर लावली.

गर्दी पांगल्यावर ती एवेलियोकडे गेली. तो एक नंबरचा रिॲक्टर धूत होता.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. तुमचं टोल्युईन हरलं नाही, बरोबरीत सुटलं."

"सही शाईची आहे ना?"

"शाईची. वर शिक्का."

"आता मागे घेता येणार नाही?"

"नाही हो. उद्यापासून कायदेशीर पाणी."

एवेलियो पायरीवर बसला. त्याने तोंडावरून ओला पंजा फिरवला.

"तुमचं उरलेलं टोल्युईन परत पाठवायला हवं," ती म्हणाली. "किती पिंपं भरतील?"

"एकही नाही, पोरी," एवेलियो म्हणाला. "टोल्युईन ब्याण्णवच्या मार्चमध्येच संपलं. तेव्हापासून इतकी वर्षं मी पाण्यातच करतोय."