गावची हवा

भेंडी तोडता तोडता जयवंताबाईंनी फोन घेतला. शहरातून लेक बोलत होती, राजेश्वरी. "आई, हितं जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापास्नं हवा पार निवळलीय. छकुलीचा दमा कितीतरी कमी झालाय. काल तीन जिनं पळत चढली!"

जयवंताबाईंचा ऊर भरून आला.

"सुट्टीत तिला घेऊन पंधरा दिवस येते. गावची हवाबी मिळंल तिला."

जयवंताबाईंनी रस्त्याकडं बघितलं. उसाचे ट्रक काळा धूर सोडत ओळीनं चालले होते. शहरात बंदी आली म्हणून स्वस्तात विकले गेलेले ते ट्रक आता इथं शेळगावात ऊस वाहत होते. त्यातला एक त्यांच्या लेकानं, युवराजनंच घेतला होता. पंधरा दिवस ट्रक उभा ठेव, असं त्याला सांगितलं तरी बाकीच्यांना कोण अडवणार? आणि घर तरी कशावर चालणार?

"आजी, मी येऊ ना?" छकुलीनं आईच्या हातातून फोन ओढून घेतला.

दोन वर्षं झाली, नातीला त्यांनी कुशीत घेतलं नव्हतं.

"नको गं बाळा," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू तितंच ऱ्हा. तितंच खेळ, लई पळ."