पंख्याचं तोंड

डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि सोनाराची पाचावर धारण बसली. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काळ्यावर पांढरं काहीतरी होतं, आणि त्यातला प्रत्येक ठिपका त्याला आपलं मरण वाटत होता.

बाहेर बाकावर बायको खोकत होती. सकाळीच तिने त्याची थट्टा केली होती, "खोकते मी, आणि तपासून घ्यायला निघालात तुम्ही!" सोनाराला हसू आलं नव्हतं. त्याच्या हातात पहिल्यांदा फुंकणी देणारे उस्ताद फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून भीतीने त्याच्या मनात ठाण मांडलं होतं. उस्तादांनी जन्मभर कॅडमियम धातूचा डाख वापरला. दागिन्याचे सांधे जोडायला त्याच्यासारखा डाख नाही. पाण्यासारखा पळतो, जोड शोधून सापडत नाही. फक्त तापला की धूर सोडतो. आणि ज्योत हलू नये म्हणून सोनार दारंखिडक्या लावूनच डाख देतात.

"बाई, काय असेल ते एकदाचं सांगून टाका," तो म्हणाला.

डॉक्टरबाई मात्र सावकाश बोलणाऱ्या होत्या. "हा धातू पेशीत चोरासारखा शिरत नाही. जस्तासारख्या कामाच्या धातूंसाठी पेशीला दारं असतात, त्यांतूनच उजळ माथ्याने आत जातो. आता, पेशी आपली नक्कल काढते तेव्हा तिच्या हातून चुका होतातच. त्या दुरुस्त करणारे कारागीरही आतच असतात. हा नेमके त्यांचे हात बांधतो. मग चुका तशाच राहतात, साठत जातात. आणि वर्षांनी एखादी पेशी थांबायचंच विसरते. वाढतच सुटते."

सोनाराच्या डोळ्यांपुढे आपलंच दुकान आलं. कारागीर हात बांधून बसलेत आणि वाकड्या नमुन्यावरून वाकडेच दागिने घडताहेत.

"आणि तोवर काही दुखतखुपत नाही?"

"काही नाही. तेच तर वाईट." बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "पण तुमची छाती स्वच्छ आहे."

सोनाराचा जीव भांड्यात पडला. त्याला चक्क रडू फुटलं. मग डोळे पुसता पुसता तो बोलतच सुटला. डाख बदलून पाहिला होता, पण जोड दिसायला लागला, गिऱ्हाईक नाकं मुरडायला लागलं. ज्या जोडाने त्याचं नाव झालं, तो सोडवेना. म्हणून त्याने भिंतीत धूर ओढणारा मोठा पंखा बसवला. त्या दिवसापासून दुकानात धुराचा वाससुद्धा नव्हता. बायको तेवढी पंख्यावर खार खाऊन होती. खिडकीच्या काचेवर रोज तपकिरी थर बसतो म्हणायची. "अगं, तुला नवरा हवा की काच?" असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा हसून तिने फडकं उचललं होतं आणि पुन्हा कधी कुरकुर केली नव्हती.

ही गंमत त्याने बाईंना रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"पंखा धूर सोडतो कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"मागच्या बोळात. तिकडे कुणी फिरकतसुद्धा..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. दारापलीकडे खोकल्याची उबळ आली होती. कोरडी, लांबलेली. घरी ती त्याला इतकी रोज ऐकू यायची की आता ऐकूच येत नव्हती. आज पहिल्यांदा त्याने ती संपेपर्यंत ऐकली.

"आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याचा फोटो काढून घेतला. पाटीचा दिवा मात्र त्यांनी विझवला नाही.

"त्यांना आत बोलवा."