मास्तरांचा सिग्नल

"बल्बच चुकीचे आहेत हे. बदलून दे," मास्तरांनी काउंटरवर बोट आपटलं.

आठवड्यातली ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांनी स्वतः पसंत केलेले पांढरे एलईडी स्कूटरला बसवले, तर नारिंगी काचेमागे ते आजाऱ्यासारखे फिकट दिसायला लागले. दुसऱ्या खेपेला नारिंगी घेतले. ते पिसाळल्यासारखे भराभर मिचमिचायला लागले. एलईडीला वीज लागते चिमूटभर, त्यामुळे सिग्नल लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेच्या डबीला वाटतं की बल्ब गेला. म्हणून इलेक्ट्रिशियनबाईंनी रिलेही नवा घालून दिला. आता सिग्नल कसे शिस्तीत लुकलुकत होते. फक्त बंद होत नव्हते.

"जुने बल्ब वळण झालं की आपोआप बंद व्हायचे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, स्कूटरचा सिग्नल आपोआप बंद होत नाही. बटण दाबावं लागतं. तुम्हीच शिकवलंय मला."

मास्तरांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. वळून झाल्यावर सिग्नल बंद करायला जो विसरेल त्याला ते भर रस्त्यात उतरवत आणि घरी चालत पाठवत. इलेक्ट्रिशियनबाई स्वतः दोनदा चालत गेल्या होत्या. अशा माणसाचा डावा सिग्नल सोमवारी पोस्टापासून चार चौक ओलांडून गेला तरी चालूच होता. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या टेम्पोवाल्याला वाटलं, हे आत वळणार. तो पुढे आला आणि हे सरळ गेले. थोडक्यात निभावलं.

लेकीच्या कानावर हे जायचं ते गेलंच. "रविवारी येते आणि स्कूटर विकून टाकते. बाबा, वय झालं आता तुमचं," तिने फोनवर सांगून टाकलं. म्हणजे दोष एकतर बल्बचा होता, नाहीतर वयाचा. मास्तरांनी बल्बवर शिक्कामोर्तब केलं होतं. 

"एक चक्कर मारून या. काकूंनाही घ्या मागे, रोजच्यासारखं. मी बघते इथून," इलेक्ट्रिशियनबाई म्हणाल्या.

मास्तरीणबाई इतका वेळ पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठून मागे बसल्या. स्कूटर कोपऱ्यापर्यंत गेली, झोकात वळली, पुन्हा वळली आणि दुकानासमोर येऊन थांबली. मास्तरांच्या चेहऱ्यावर विजय होता आणि मागे डावा सिग्नल निवांत लुकलुकत होता.

"चालू आहे, मास्तर."

मास्तरांचे कान लाल झाले. ते बटणाकडे असे बघत राहिले, की जणू ते फितूर झालं होतं.

"यात ह्यांची काय चूक?" मास्तरीणबाई उतरता उतरता म्हणाल्या. "तूच तो मुका डबा बसवलास. आवाजच येत नाही त्याचा. मला कळणार कसं?"

"तुम्हाला कळून काय करायचंय काकू?"

"अगं, मागे बसून मला दिवा थोडाच दिसतो? पण वळल्यावरही ती टकटक चालूच राहिली की मी ह्यांच्या खांद्यावर दोन थापा मारते. मग हे बंद करतात. पहिल्यापासून असंच आहे आमचं."

मास्तरांनी हेल्मेट काढलं. उगाच पुसलं. पुन्हा घातलं.

"त्या थापा," ते हळूच म्हणाले, "सिग्नलसाठी होत्या?"

"मग कशासाठी?"

मास्तर हेल्मेटचा पट्टा आवळायला लागले. त्यांना आजवर वाटत होतं की ती शाबासकी आहे. वळण कसं अलगद घेतलं, बसलेल्या माणसाला धक्का म्हणून लागला नाही, त्याची शाबासकी. त्या थापांसरशी अंगठा बटणावर जातो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कित्येकदा तर त्या थापांच्या लोभाने त्यांनी सरळ रस्ता सोडून मुद्दाम वळणावळणाचा धरला होता. तेवढं पेट्रोल फुकट गेलं, आणि तेवढी फुशारकीही.

इलेक्ट्रिशियनबाईंना सगळं समजलं की काय कोण जाणे. त्या आतल्या कपाटाकडे गेल्या आणि बोटभर रिले घेऊन आल्या.

"बल्ब हेच बरोबर आहेत. हा रिले एलईडीला चालतो आणि टकटकही करतो. लावू का? तुम्ही म्हणाल तसं."

मास्तरांनी तो रिले हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आवाजवाला रिले म्हणजे इतकी वर्षं सिग्नल बायकोच्या थापांवर बंद होत होता, याची कबुली.

"लाव," शेवटी ते म्हणाले. "पण लेकीला काय सांगू?"

"सांगा, आवाज बंद पडला होता म्हणून घोळ झाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता दुरुस्त झालाय. यात खोटं काय आहे? आणि स्कूटर विकायला निघाली तर माझ्याशी गाठ आहे म्हणावं. मी कशावर बसू?"

परतीच्या वाटेवर पहिल्याच वळणाला टकटक सुरू झाली. वळण संपलं. खांद्यावर दोन थापा पडल्या. मास्तरांनी मुकाट्याने बटण दाबलं. त्यांना जरा वाईटच वाटलं. एवढी सुंदर शाबासकी, आणि निघाली साधी सूचना.

मग सरळ रस्ता लागला. लांबलचक, एकही वळण नसलेला. मास्तर खांदे पाडून स्कूटर चालवत होते. अर्धा रस्ता झाला तेव्हा खांद्यावर पुन्हा दोन थापा पडल्या, जरा सावकाश.

मास्तर दचकले. त्यांनी बटण पाहिलं. कान देऊन ऐकलं.

"अगं, सिग्नल बंदच आहे."

"माहीत आहे मला," मास्तरीणबाई म्हणाल्या.