कोणता अंगठा?

“अंगठा लाव इथं,” म्हणत गजाननबाबूंनी शाईचं पॅड चंद्रकलेपुढे सरकवलं.

बालवाडीत मदतनीस म्हणून रुजू व्हायचा तो कागद. सत्त्याऐंशी सालच्या मार्चची एकतीस तारीख, पाचला दहा मिनिटं कमी. आज रुजू झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला, सावरगावच्या. संत्रीच्या बगीच्यांत मजुरी करून पंधरा वर्षं काढलेल्या चंद्रकलेला ही जागा सोडायची नव्हती. कचेरीत बाबू मागतील ते द्यावं, उलट बोलू नये, एवढं तिला ठाऊक होतं.

तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. अंगठ्याला चिकटून आणखी एक अंगठा, नखासकट.

गजाननबाबूंनी चष्मा वर केला, खाली केला. रोज दहा अंगठाबहाद्दर त्यांच्या टेबलापुढून जात, पण असा पेच कधी पडला नव्हता.

“बाईचा उजवाच अंगठा लागते, पण यातला कोणता? चौकोन तर एकच आहे. उद्या साहेबाले विचारावं लागते.”

“उद्या जागा जाईन जी!” चंद्रकलेने हात तसाच टेबलावर पुढे केला.

शेजारच्या टेबलावर नवा कारकून हेमंत फाइलीत लपवून रहस्यकथा वाचत होता. हात पाहून त्याच्या तोंडून निसटलं, “म्यूटंट!”

“ते काय असते, बाबू?”

हेमंत ओशाळला. त्याच्या पुस्तकातला सहा बोटांचा म्यूटंट नेमकं तेव्हाच एक शहर जाळत होता. पण हेमंत बी.एस्सी. झालेला आणि मनाचा भला.

“गोष्टीत राक्षस असते, बाई. खरोखर तसं काई नाई. शरीर कसं घडवाचं, ते आपल्या आतमधी लिहून असते समजा. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं, का बोट वाढते. बस.”

आईने ग्रहणाचा दोष म्हणून जन्मभर झाकायला लावलेला हात. आणि हा म्हणतो, एक अक्षर! चंद्रकलेला हसूच फुटलं.

“माह्यं अक्षर खराब म्हनता का? चांगलं हाये जी.”

तिने टेबलावरचा पेन उचलला. दोन अंगठ्यांच्या बेचक्यात तो घट्ट बसला आणि चौकोनात ठसठशीत उमटलं : चंद्रकला श्रावण गजभिये.

गजाननबाबूंनी शाईचं पॅड मिटलं. “मग बाई, तुम्ही आधी काऊन नाई सांगतलं?”

“तुम्ही अंगठाच मांगून राहिले होते, बाबू.”