ओरिजिनल पत्रा

"जपून! ओरिजिनल पत्रा आहे!" आप्पा खुर्चीतून ओरडले. पन्नास वर्षांची फियाट अंगणात उभी करून शिरीष गंज खरवडत होता आणि वडील, नेहमीप्रमाणे, मार्गदर्शन करत होते. त्यांच्या गाडीला आजवर परक्या माणसाचा हात लागला नव्हता. दार उघडताना हँडल हातात यायचं, ती गोष्ट वेगळी.

शिरीषने पायाखालची रबरी मॅट उचलली. गाडीच्या तळाची गंजून चाळण झाली होती. त्यात एकच तुकडा तेवढा चकाकत होता.

"बघ! याला म्हणतात पोलाद. तुमच्या हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते पापड!"

शिरीषने पोलादावरची पुट्टी खरवडली. आधी गोल काठ निघाला, मग कोरलेलं नाव निघालं: सौ. हेमलता खांबेटे.

चहा घेऊन आलेली आई तिथेच थबकली. तिच्या माहेरून आलेलं जेवणाचं ताट! ते हरवलं तेव्हा तिने धाकट्या जावेवर आळ घेतला होता. दोन्ही घरांचं जाणं-येणं तेव्हाच तुटलं. 'जाऊ दे, मोठ्या मनाने क्षमा कर तिला,' असं त्या वेळी आप्पांनीच समजावलं होतं.

आप्पांना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

आईने ती पूर्ण थांबू दिली. मग शिरीषला म्हणाली, "काकूला फोन लाव," आणि मोबाईल आप्पांच्या हातात दिला.

"बोला. मोठं मन आहे का विचारा तिला."