तसंच म्हणायचं

मास्तरच्या कानातला मळ कापसावर आला तशी तिला त्याची किळस आली. याच्याच थपडेने सातवीत तिचा डावा कान कायमचा गेला होता. आज श्रवणयंत्र बसवायला तो तिच्याच दवाखान्यात आला होता, आणि त्याने तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. “पोरी, हात हलका आहे हो तुझा!” “तुमचा नव्हता,” ती पुटपुटली. शिसारी गिळून तिने यंत्र बसवलं. मग नेहमीची चाचणी: ती मागून बोलणार, त्याने तसंच म्हणायचं. “आज ऊन पडलंय.” “आज ऊन पडलंय.” “मी त्या पोरीला मारायला नको होतं,” ती बोलून गेली. मास्तरने तेही खणखणीत म्हटलं. एवढं ऐकलं की माफ करायचं, असं तिने केव्हाचं ठरवलं होतं. “बरोबर ना?” मास्तर हसला. “बरोबर.” तिने साबणाने हात दोनदा धुतले. किळस जाईना. ही किळस आता मास्तरची नव्हती, स्वतःचीच होती.